चाकांकडे कोण बघणार?

सांत्वन हवं असेल तर दुसऱ्या कुणाला तरी लिही. तुझं पत्र मी नीट वाचलं, सोबतचे फोटो मोठे करून पाहिले, आणि मला तुझा राग आला आहे. ‘सर, आमचं नशीबच फुटकं,’ असं तू लिहितोस. फिनिक्सहून कॅलिफोर्नियाकडे जाताना भर जूनच्या दुपारी, तुम्ही ज्यात कायमचे राहता त्या मोटारघराचा मागचा टायर फुटला. त्याच्या चिंध्यांनी चाकावरचा पत्रा फाडला, आतली वायरिंग आणि सांडपाण्याचा पाइप तोडला. वाळवंटात आय-१० महामार्गाच्या कडेला तुम्ही दोघं संध्याकाळपर्यंत बसून राहिलात, सूनबाईंना उन्हाने चक्कर आली. यात नशीब कुठे आलं?

तूच पाठवलेल्या फोटोत फुटलेल्या टायरची बाजू स्पष्ट दिसते. ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे आहेत ३७१६. म्हणजे २०१६ सालचा ३७ वा आठवडा, सप्टेंबर महिना. नऊ वर्षांचा व्हायला आलेला टायर तू वाळवंटातल्या उन्हाळ्यात, भरलेल्या संसाराखाली, महामार्गाच्या वेगाने पळवलास. मोटर मेकॅनिक ट्रेडची दोन वर्षं माझ्या हाताखाली काढलेल्या मुलाला हे चार आकडे वाचता येत नाहीत, यावर माझा विश्वास बसत नाही. वाचता येतात. तू खाली वाकलाच नाहीस.

‘पण सर, नक्षी तर भरपूर होती, टायर गोटा झाला नव्हता.’ हे वाक्य एखाद्या नवशिक्याने लिहिलं असतं तर मी समजून घेतलं असतं. रोज धावणाऱ्या टॅक्सीचा टायर झिजून मरतो. महिनोन्‌महिने एका जागी उभ्या राहणाऱ्या घरगाडीचा टायर वयाने मरतो. ऊन, ओझोन आणि प्राणवायू रबराला आतून कडक करत जातात, बाजूला बारीक भेगा पडतात, आतल्या थरांची एकमेकांवरची पकड सुटते. नक्षी मात्र शाबूत दिसते, आणि म्हणूनच माणूस फसतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर उतरवून तपासून घ्यायचा, आणि मोटारघराच्या बाबतीत पाच ते सात वर्षांत बदलूनच टाकायचा, हा त्या धंद्यातला रुळलेला नियम आहे. गाडी तू सेकंडहँड घेतलीस, तेव्हा सोफ्याचं कापड बदललंस, स्वयंपाकाच्या ओट्यावर नवा लॅमिनेट लावलास, पडदे शिवून घेतलेस. त्याचे फोटोही मला आले होते. टायरची तारीख बघायला किती वेळ लागला असता?

आणि सर्वांत संतापाची गोष्ट तू पत्राच्या शेवटी, सहज म्हणून लिहिली आहेस. एकच टायर बदलून पुढे निघालास! अरे, उरलेले पाच काय कालपरवा जन्मले? ते त्याच वर्षाचे, त्याच उन्हात भाजलेले. त्यातला जो फुटलेल्या टायरला चिकटून होता, त्याने तर गाडी थांबेपर्यंत दोघांचं ओझं एकट्याने वाहिलं. त्याच्यावर आता कवडीचा भरवसा ठेवता येणार नाही. शिवाय झिजलेल्याच्या शेजारी कोरा टायर बसवला की दोघांचा व्यास वेगळा होतो आणि मोठ्यावर जास्त भार येतो. जोडटायर जोडीनेच बदलायचे असतात, हे तुला मी आता सांगायचं?

मी विचारलं होतं, आतल्या टायरची हवा कधी बघितलीस? तुझं उत्तर, ‘व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही.’ हात पोचत नाही म्हणून हवा कमी व्हायची थांबते का? जोडटायरची खोड अशी की आतला टायर बसला तरी गाडी कलत नाही. बाहेरचा तिला उचलून धरतो, स्टिअरिंगवर बसलेल्याला पत्ताही लागत नाही, आणि मैलामैलाला तो बाहेरचा तापत जातो. तुझा फुटला तो बाहेरचाच. आतल्यात हवा किती होती, हे कधी कळणारच नाही, कारण तू ती कधी मोजलीच नाहीस. व्हॉल्व्हला धातूची लांब नळी बसवून मिळते. प्रत्येक चाकाची हवा आणि तापमान डॅशबोर्डवर दाखवणारे सेन्सर मिळतात. तुझ्या छतावरच्या सॅटेलाइट इंटरनेटच्या थाळीपेक्षा ते महाग नाहीत. आपल्याकडे महामार्गावर ट्रक धाब्याला लागला की चांगला क्लिनर चहाच्या आधी सगळ्या चाकांवर टॉमी मारत एक फेरी घालतो, आवाजावरून बसलेला टायर ओळखतो. त्या पोराने कुठलाही कोर्स केलेला नसतो. त्याला एवढंच ठाऊक असतं की आपण याच गाडीत झोपतो.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना बघायची. दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडून द्यायची नाही. दर दहा फॅरनहाइट अंशांना साधारण एक ते दोन पीएसआय ती आपोआप वाढते आणि रात्री तेवढीच उतरते. भर उन्हात सोडलेली हवा दुसऱ्या पहाटे कमी भरते, आणि कमी हवेचा टायर जास्त दुमडतो, जास्त तापतो. अ‍ॅरिझोनातले अर्धे अपघात या एका चुकीतून सुरू होत असतील तर मला नवल वाटणार नाही.

आता वजनाकडे येतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने एक पट्टी चिकटवलेली असते. तुझ्या ई-४५० चॅसिसवर गाडीचं कमाल एकूण वजन १४,५०० पौंड, म्हणजे साधारण ६,५७७ किलो. आत शिरायच्या दाराजवळ दुसरी पिवळी पट्टी असते; माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते त्यावर छापलेलं असतं. तो आकडा मला कळव म्हटलं तर तू गप्प. पण आत काय काय भरलंय त्याची यादी मात्र तू कौतुकाने दिलीस : दगडी पाट्यांचा ग्राइंडर, पुस्तकांची खोकी, दोन महिन्यांचा किराणा, हत्यारांची पेटी, छतावर सोलर पॅनल, मागे लटकवलेल्या दोन इलेक्ट्रिक सायकली. वर पन्नास गॅलनची पाण्याची टाकी काठोकाठ. पन्नास गॅलन म्हणजे जवळपास १९० लिटर, आणि लिटरला एक किलो. सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या न करता निघालास तर ते ओझं वेगळंच.

सुट्टीपुरते निघणारे लोक चार कपडे घेऊन निघतात. कायमचे राहणारे अख्खं घर घेऊन निघतात आणि त्यात दर महिन्याला भर घालतात, म्हणून जास्त वजनाचा दोष खरा त्यांच्यातच असतो. त्या मागच्या सायकलींबद्दल तर मला वेगळं विचारायचंय. मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे टांगलेलं वजन मागच्या अ‍ॅक्सलवर स्वतःपेक्षा जास्त भार टाकतं आणि पुढच्या चाकांवरचा भार उचलतं. फळ्यावर तरफेचं चित्र काढून मी मोमेंट शिकवला, तेव्हा तुझी बेरीज वर्गात सर्वांत आधी आली होती. महामार्गावर स्टिअरिंग हलकं वाटतं, ट्रक शेजारून गेला की गाडी डुलते, असं तू लिहितोस आणि दोष वाऱ्याला देतोस.

अमेरिकेत जागोजागी ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे आहेत. गाडी वर नेऊन उभी करायची, वीस डॉलरच्या आत प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन छापून मिळतं. पाणी, इंधन, सामान, माणसं सगळं भरून न्यायचं, रिकामी गाडी तोलून समाधान मानायचं नाही. या वजनावरून टायर कंपनीच्या तक्त्यात हवा किती हवी ते ठरतं. तू हवा कशावरून ठरवत होतास? ‘आधीच्या मालकाने सांगितलं तेवढी.’

तुला वाटतं मी गाड्यांबद्दल खुळा म्हातारा आहे म्हणून एवढं बोलतो. ऐक. तुझा कायमचा पत्ता साउथ डकोटातला आहे, कारण तिथे टपालाचा पत्ता घेऊन गाडी नोंदवता येते. त्या राज्यात गाडीची सुरक्षा तपासणीच नाही. फ्लोरिडात नाही. टेक्ससनेही १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांसाठी ती बंद केली. फिरस्त्यांच्या आवडीची ही तीन राज्यं, आणि तिन्हींपैकी एकही तुझी गाडी वर उचलून खालून बघणार नाही. आपल्याकडे ट्रकवाल्याला ठरावीक मुदतीने फिटनेस सर्टिफिकेटसाठी आरटीओच्या दारात उभं राहावं लागतं. तुला कुणीही विचारणार नाही. या मोकळिकीचं तू पत्रात गुणगान केलंस. पण दुसरं कुणी बघणारं नाही तेव्हा बघायची जबाबदारी सगळीच्या सगळी तुझ्यावर येते, हे तुझ्या डोक्यातच शिरलेलं नाही.

आणि ते दुसरं लंगडं कारण. ‘गाडी फारशी चालतच नाही सर, मग सर्व्हिसिंग कशाला?’ सरकारी मोकळ्या जमिनीवर चौदा दिवस मुक्काम, मग थोडं पुढे सरकून पुन्हा चौदा दिवस; वर्षभरात मैल थोडे होतात, हे मला मान्य. पण कंपनीच्या पुस्तकात प्रत्येक कामापुढे मैल आणि महिने दोन्ही लिहिलेले असतात, आणि जे आधी येईल ते धरायचं असतं. तू फक्त मैलांचा रकाना वाचलास. उभ्या गाडीचं इंजिन ऑइलही जुनं होतं. बेल्ट आणि होस कडक होतात. पेट्रोल जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसतं, म्हणून तो महिन्यातून एकदा निम्म्या भारावर दोन तास चालवायचा असतो. सोलर बसवल्यापासून तुझा जनरेटर तू चालू केला आहेस का? त्या दिवशी रस्त्याच्या कडेला एसीसाठी तो सुरू होईना, हेही तू नशिबातच ढकललंस. सूनबाईंना चक्कर आली ती त्या बंद जनरेटरमुळे.

ब्रेक ऑइलवर मी खास थांबणार आहे, कारण पुढच्या महिन्यात डेन्व्हरहून आय-७० ने पश्चिमेला जायचा तुझा बेत आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. गाडी चालो वा उभी राहो, शोषतंच. डॉट ३ दर्जाचं कोरं तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. पाणी मुरलेल्या तेलासाठी ही किमान मर्यादा १४० वर उतरते. डॉट ४ साठी २३० आणि १५५. आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर आहे. त्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत लांबलचक तीव्र उतार लागतो, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांना अडवायला बाजूला खडीचे चढ बांधून ठेवलेत. ते चढ हौसेने बांधलेले नाहीत. सहा-साडेसहा टनांची गाडी ब्रेकवर पाय ठेवून तिथे उतरवलीस तर ड्रम असो की डिस्क, लाल होईल, तेल उकळेल, त्यात वाफेचे बुडबुडे होतील आणि वाफ दाबली जाते. पेडल जमिनीला टेकेल आणि गाडी थांबणार नाही. खंबाटकीत आणि कसाऱ्यात जुने ड्रायव्हर जे पाळत आले तेच तिथेही पाळायचं : ज्या गिअरवर घाट चढशील त्याच गिअरवर उतर. उतार सुरू होण्याआधी वेग कमी करायचा, टो-हॉल मोड लावायचा, गिअर खाली घ्यायचा, इंजिनाला गाडी धरू द्यायची. आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं. तुझ्या गाडीचं शेवटचं कधी बदललं याची नोंद तुझ्याकडे नाही. नोंद नाही म्हणजे बदललेलं नाही, असंच धरून चालायचं.

छताचंही तेच. तुझं घर कोकणातलं. पावसाळ्याआधी वैशाखात घर शाकारून घेतल्याशिवाय तुझे आजोबा दुसऱ्या कामाला हात लावत नसत. मोटारघराचं छतही तितकंच मागतं. वरचं रबरी आवरण, खिडक्या, झरोके, एसी, पॅनलचे स्क्रू, या सगळ्यांच्या कडांना लावलेला सीलंट दर तीन महिन्यांनी शिडी लावून बघायचा. तडा दिसला की त्या आवरणासाठी बनवलेला, आपोआप पसरणारा सीलंटच भरायचा. तू हार्डवेअरच्या दुकानातली साधी सिलिकॉनची ट्यूब फासून ठेवलीस. ती त्या रबराला नीट धरत नाही, आणि तिच्यावर पुढे दुसरं काही चिकटतही नाही. आता आधी ती सगळी खरवडून काढावी लागेल. पलंगावरच्या कोपऱ्यात तुला जो तपकिरी डाग दिसतोय तो डाग नव्हे. आतलं लाकूड कुजायला लागलंय.

गॅसबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे चुकलं तर पुन्हा सांगायची वेळ येत नाही. प्रोपेनच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर मुदत छापलेली असते, ती उलटली की अलार्म फेकून नवा बसवायचा. टेस्टचं बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे आतला सेन्सर जिवंत आहे असं नाही. गॅसचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासायचे. गाडी चालताना टाकीचा कॉक बंद.

पैशांचं मात्र सविस्तर बोलू, कारण खरं दुखणं तिथे आहे. घरभाडं वाचतं म्हणून तुम्ही हा मार्ग धरलात. वाचलेलं भाडं तुमचं नव्हतंच. त्यातला मोठा वाटा गाडीचा होता. सहा टायर, बॅटऱ्या, ब्रेक, छत यांचा खर्च अचानक येत नाही. प्रत्येकाचं आयुष्य आधी ठाऊक असतं, प्रत्येकाला महिन्यांनी भागून दरमहा बाजूला टाकता येतं. तू ते पैसे प्रवासावर उडवलेस आणि आता क्रेडिट कार्डावर टायर घेतोस. शिवाय साध्या कारची रोडसाइड योजना घेऊन बसलास, जिच्यात एवढ्या वजनाची गाडी ओढून नेत नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणायला निघाला होतास, तीही वाळवंटात.

गॅरेजचाही विचार तुम्ही केलेला नाही. घराचा भाग बघणारे इंजिनाला हात लावत नाहीत. इंजिनवाल्यांची लिफ्ट किंवा दार तुझ्या गाडीच्या उंचीला आणि वजनाला पुरत नाही, म्हणून ट्रकचं काम करणारी शाखा शोधावी लागते. हंगामात नंबर लागायला आठवडे जातात, सुटा भाग यायला आणखी. आणि गाडी आत गेली की तुम्ही रस्त्यावर. भाड्याच्या घरात राहणाऱ्याची गाडी बिघडली तर तो बसने जातो. तुझी बिघडली तर रात्री कुठे झोपायचं हा प्रश्न असतो. म्हणून काम तुझ्या सोयीने, आधी वेळ ठरवून, रात्री आवारात राहू देणाऱ्या जागी करून घ्यायचं. तशी जागा मिळाली नाही तर लॉजचा खर्चही दुरुस्तीच्याच हिशेबात धरायचा.

क्लोई झाओंचा ‘नोमॅडलँड’ हा चित्रपट तुम्ही दोघांनी पाहिला आणि त्यानेच मनात बीज पडलं, असं तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. सूर्यास्त तेवढे लक्षात राहिले वाटतं. त्यातच टायर पंक्चर झालेल्या, स्टेपनीशिवाय वाळवंटात उतरलेल्या नायिकेला, फर्नला, तिची फिरस्ती मैत्रीण स्वॅन्की तिथल्या तिथे झापते, कारण अशा जागी माणूस मरू शकतो हे तिला ठाऊक असतं. त्यातच फर्नची व्हॅन बिघडते आणि दुरुस्तीच्या पैशांसाठी तिला बहिणीच्या दारात जावं लागतं. तुझ्याकडेही स्टेपनी नव्हती. जॅकही नव्हता, आणि असता तरी त्या तापलेल्या डांबराच्या कडेला तो कशावर टेकवायचा, याचा विचार केलेला नव्हता.

तू नालायक मुलगा असतास तर मी एवढं लिहिलं नसतं. माझ्या हाताखालून गेलेल्यांत तुझे कान चांगले होते. इंजिनाचा आवाज ऐकून कोणता सिलिंडर चुकतोय ते सांगायचास. ते कान घेऊन तू खिडकीतून डोंगर बघत बसलास. सूनबाई ज्या विश्वासाने तुझ्यामागे घर सोडून निघाल्या, तो विश्वास तुझ्या या कानांवर होता. त्यांनाही हाताशी घे. हवा कशी बघायची, गॅसचा कॉक कुठे, जनरेटर कसा सुरू करायचा, मदतीला फोन कुणाला करायचा, हे त्यांना तुझ्याइतकंच यायला हवं. उद्या चक्कर तुला येऊ शकते.

एक वही कर. पहिल्या पानावर सहाही टायरच्या तारखा, पुढे प्रत्येक कामाची तारीख, मैल आणि खर्च. हे मोबाइलमध्ये नको, कागदावर हवं, म्हणजे गाडी उघडणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकपुढे ठेवता येईल. जुने पाचही टायर आधी बदल. मग सगळा संसार आत असतानाच गाडी काट्यावर ने. ब्रेक ऑइल बदलून घे. वहीच्या पहिल्या पानाचा आणि वजनाच्या पावतीचा फोटो मला पाठव. तो माझ्या हातात पडेपर्यंत डेन्व्हरची वाट धरायची नाही.